रविवारचे टॅपेट

आमच्या गल्लीत रविवारी सकाळी लोळत पडायची सोय नव्हती आणि त्याला जबाबदार होत्या विजूताई. सांगलीच्या विश्रामबागेत त्यांच्या आणि आमच्या आवारात भिंत एकच. ऐन साखरझोपेत पलीकडच्या पत्र्याच्या शेडमधून आधी दोनचार वेळा खोकल्यासारखा आवाज यायचा, मग गुरगुर सुरू व्हायची आणि मग टक-टक-टक-टक. थोडा वेळ चालायचं, बंद पडायचं, पुन्हा सुरू व्हायचं. आमची ही पांघरुणातूनच म्हणायची, “जाऊन सांगा की त्यांना काहीतरी. नुसतं कुशीवर वळून काय होणार?” पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून लोकांच्या तक्रारी ऐकण्यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर तक्रार करायची पाळी आपली, अशा ताठ्यात मी एका रविवारी त्यांचं फाटक उघडलं.

शेडमध्ये डाळिंबी रंगाची एक बुटकी गाडी उभी होती. वर छप्पर नाही, मागे सीट नाही. जुनी विलायती बनावट, शर्यतीत पळवायला केलेली. दोघांनी बसायचं आणि तिसऱ्यानं एस्टीनं यायचं, असा एकूण कारभार. बॉनेट उघडं होतं आणि विजूताई कमरेपासून वर इंजिनात होत्या. सुती साडी, पदर घट्ट खोचलेला, वरून पुरुषाचा खाकी शर्ट. सत्तरीला टेकलेली बाई. बाजूला चाकाच्या खुर्चीत त्यांचे यजमान, अप्पा, अंगावर शाल घेऊन बसले होते. खुर्चीमागे त्यांचं सगळं करणारा बिरू उभा होता.

“ताई, जरा बोलायचं होतं,” मी घसा साफ करत म्हणालो.

“बोला की, भावोजी. पण आधी ही बॅटरी धरा. अहो, तिकडून नाही, इकडून. माझ्याच हाताची सावली पडते.”

मी बॅटरी धरली. हात बदलून बदलून धरली. मग चहा आला, चहाबरोबर चकल्या आल्या आणि तक्रार मी जशी नेली होती तशीच घेऊन घरी आलो. हिनं विचारलं, “सांगितलंत का?” मी म्हणालो, “पुढच्या रविवारी आठ वाजता बोलावलंय.” त्यावर ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

असा मी विजूताईंच्या शेडमध्ये शिरलो. गाडी या विषयात माझं ज्ञान रिक्षाच्या मागच्या सीटवर बसण्यापुरतं, पण बॅटरी धरता धरता थोडं कानावर पडलं. इंजिनात हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी लहान लहान झाकणं असतात, त्यांना व्हॉल्व्ह म्हणायचं. या गाडीत ती आठ, पुढून मागे ओळीनं. व्हॉल्व्हचं टोक आणि त्याला दाबणारी दांडी यांच्यामध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते, कारण तापल्यावर धातू फुगतो. फट वाढली की टकटक वाजतं. फट कमी झाली तर काहीच वाजत नाही, पण झाकण नीट मिटत नाही आणि जळून जातं. ती फट मोजायला पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा असतो, फिलर गेज. गॅरेजवाले या सगळ्या कामाला ‘टॅपेट सेट करणं’ म्हणतात. विजूताई ते दर रविवारी घरी करत. जाणकार लोक सांगतात की वर्षातून एकदोनदा केलं तरी पुष्कळ. मग दर रविवारी कशासाठी, हे मला कळायला जरा वेळ लागला.

बाई मूळच्या गणिताच्या. साताऱ्याला मुलींच्या शाळेत त्यांनी हयात घालवली. टॅपेटच्या कामात एक नवाचा हिशोब असतो. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिल्याची फट बघायची, सातवा दाबलेला असेल तेव्हा दुसऱ्याची. दोन्ही आकडे मिळून नऊ झाले पाहिजेत. विजूताईंना हा हिशोब एवढा आवडायचा की त्या तो कुठेही लावत. गाडी टॉप गिअरमध्ये टाकून बिरू मागून इंचइंच ढकलायचा, त्यानं इंजिन फिरायचं, आणि ताई वाकून बघत ओरडायच्या, “थांब! सहावा खाली. म्हणजे आता कितवा?” बिरू जतकडचा. त्याच्या घराण्यात मेंढरांपलीकडे मोजदाद नव्हती. पण तो न अडखळता म्हणायचा, “तिसरा, काकू.” ताईंचा चेहरा खुलायचा. मला विचारलं की मी बोटं मोजायचो आणि त्या म्हणायच्या, “भावोजी, धरणाचं पाणी तुम्ही वाटलंत? म्हणूनच आमच्या नळाला येत नव्हतं.”

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या आमच्याकडे आल्या तेव्हा सगळ्या बायका त्यांच्या नखांकडे बघत होत्या. बेसन आणि साखर चोळूनही ग्रीस काही पूर्ण जायचं नाही. कुणीतरी विचारलंच. ताई दोन्ही हात पुढे पसरून म्हणाल्या, “मेंदी आहे. जरा जास्त रंगली.” फिलर गेज त्यांच्या पर्समध्ये किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर असायचा. आमच्या कपाटाचं दार लागत नव्हतं तेव्हा त्यांनी त्याच्या फटीत पट्टी घालून वरची बिजागरी उतरलीय असं सांगितलं, आणि सुतारानं नंतर तेच सांगून वर चहाही घेतला.

ही गाडी अप्पांची. साताऱ्याला औद्योगिक वसाहतीत त्यांचा पंपांचे सुटे भाग बनवायचा छोटा कारखाना होता. लग्न झालं त्याच वर्षी एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या परसात चिंचेखाली त्यांना ही गाडी दिसली. तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. “मला लग्नात पाटल्या मिळाल्या आणि ह्यांना हे खुराडं मिळालं,” ताई सांगायच्या. “आणि ह्यांना वाटायचं, सौदा ह्यांचाच चांगला झाला.”

अप्पांनी गाडीला गॅरेजवाल्याचा हात कधी लागू दिला नाही. बॅटरी धरायला नवी नवरी उभी केली. हळूहळू असं लक्षात आलं की फटीतली पट्टी किती अडते ते बायकोच्या बोटांना जास्त नेमकं कळतं, आणि आवाज कुठून येतो ते नवऱ्याच्या कानाला. त्यावरून दोघांची भांडणं व्हायची. ताई म्हणायच्या हाताला बरोबर लागतंय, अप्पा म्हणायचे कानाला लागत नाही. शेवटी कामं वाटली गेली. टॅपेट ताईंनी सेट करायचे आणि अप्पांनी गाडीकडे पाठ करून ऐकायचं. इंजिन बंद झालं की जो व्हॉल्व्ह वाजतोय त्याचा नंबर ते मडगार्डवर बोटानं ठोकून सांगायचे. तिसरा असेल तर तीनदा. मुळात माणूस बोलायला कंटाळणारा. ताई मुद्दाम एखादा सैल ठेवून त्यांची परीक्षा घ्यायच्या आणि ते दर वेळी पास व्हायचे. त्या काळात नवराबायकोंनी करायची मौज म्हणजे सिनेमा आणि भेळ. यांची ही होती.

एकदाच अप्पा चुकले, आणि ती गोष्ट सांगताना ताई इतक्या हसायच्या की पाना खाली ठेवावा लागायचा. घरी आलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं की गाडी देखणी आहे, पण शिवणयंत्रासारखी वाजते. अप्पांना ते लागलं. दुसऱ्या दिवशी बायकोला न सांगता त्यांनी आठही टॅपेट आवळून टाकले. गाडी अशी गप्प झाली की सुरू आहे की बंद ते कळेना. त्याच ऐटीत दोघं मेढ्यावरून महाबळेश्वरला निघाली. केळघरच्या घाटात दाट धुकं, आणि वळणावर गाडीतला जीवच गेला. व्हॉल्व्ह जळला होता. स्ट्रॉबेरी घेऊन उतरणाऱ्या एका टेम्पोवाल्यानं दोर बांधला. अप्पा जाऊन टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसले, आणि धुक्यातून, घाट उतरताना, दोरावरच्या गाडीचं स्टिअरिंग धरलं ताईंनी.

“रागावले होते का?” मी विचारलं.

“राग कसला? लाजले होते. साताऱ्यापर्यंत मागे वळून बघितलं नाही. घरी आल्यावर दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी म्हणाले, विजू, वाजतोय तो चालतो. गप्प बसला की समजायचं, जळतोय.”

हे सांगताना त्यांची नजर खुर्चीकडे गेली आणि हसणं थांबलं. मी बॅटरी उगीचच दुसऱ्या हातात घेतली.

अप्पांना झटका आला तो साताऱ्यालाच, जेवताना. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. मिरजेचे दवाखाने जवळ पडतील म्हणून ताईंनी त्यांना सांगलीला, माहेरच्या या घरात आणलं. गाडी विकून टाका असं सगळ्यांनी सांगितलं. परदेशातल्या लेकीनं तर फोनवरून गिऱ्हाईकही बघितलं. ताईंनी गाडी ट्रकवर घालून आणली. पुढे कित्येक महिने अप्पा खुर्चीत नुसते बसून असायचे. भरवलं तर गिळायचे, हाक मारली तर बघायचे नाहीत. लेक फोनच्या पडद्यावरून “बाबा, बाबा” करून रडायची, तरी डोळे भलतीकडेच.

एका रविवारी ताईंनी गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन सुरू केलं. साताऱ्याहून येताना ट्रकमध्ये हादरे बसून कुठला तरी नट ढिला झाला असावा. इंजिन टकटकायला लागलं. तेव्हा मी त्यांच्याकडे जात नव्हतो, पण हे मी ताईंकडून आणि बिरूकडून वेगवेगळं ऐकलंय आणि दोघांनी अगदी एकसारखंच सांगितलंय. अप्पांनी मान वळवली. कपाळाला आठी घातली. ताईंनी घाबरून इंजिन बंद केलं, आणि त्या शांततेत अप्पांनी डाव्या हाताच्या बोटानं खुर्चीच्या लाकडी हातावर चारदा ठोकलं. ताईंनी इंजिनावरचं झाकण उघडून बघितलं. चौथाच होता.

त्या रविवारपासून हे सुरू झालं. विजूताई दर रविवारी सकाळी आधी एक व्हॉल्व्ह मुद्दाम ढिला करायच्या. नवऱ्याला ऐकू यावा म्हणून नीट चालणारं इंजिन बिघडवायचं, त्यानं नंबर ठोकला की परत दुरुस्त करायचं. जगात कुणी टॅपेट अशासाठी सेट केले नसतील. मी स्वतः बघितलंय, मी जायला लागल्यावर वर्षभर अप्पा बरोबर सांगायचे. सातव्यांदा ठोकून बोट थांबायचं तेव्हा ताई माझ्याकडे बघायच्या, पोराचा पहिला नंबर आल्यावर आईनं शेजारणीकडे बघावं तशा. “ऐकलंत ना, भावोजी? आत आहेत हे. सगळे आत आहेत.” मग आठवडाभर त्या बाईचा पाय जमिनीवर नसायचा. अप्पांशी बोलायच्या, त्यांना पेपर वाचून दाखवायच्या, भाजीत मीठ जास्त पडलं तर त्यांची माफी मागायच्या.

मग पावसाळ्यात अप्पांना दुसरा झटका आला. दवाखान्यातून आणलं त्यानंतर पहिल्या रविवारी त्यांनी दोनदा ठोकलं. ढिला होता सहावा. ताई म्हणाल्या, अशक्तपणा आहे. पुढच्या वेळी त्यांनी नुसतंच ठोकायला सुरुवात केली, थांबेचनात. त्याच्या पुढच्या वेळी बोट हललंच नाही.

त्यानंतरच्या रविवारांची मला आजही धास्ती वाटते. विजूताई फट वाढवत गेल्या. केसाची नखाएवढी झाली. आधी एक व्हॉल्व्ह ढिला करायच्या तिथे दोन केले, एका रविवारी तीन. तांबट आळीत बसल्यासारखा आवाज यायला लागला. गल्लीतले लोक फाटकाशी येऊन बघून गेले. अप्पांच्या हनुवटीवरून लाळ ओघळत होती आणि डोळे मिटलेले होते. इंजिन बंद करायचं सोडून ताई ॲक्सिलरेटर वाढवत राहिल्या. “काकू, फुटंल आवं ते,” बिरू म्हणाला. त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं तरी त्यांनी ऐकलं नाही. शेवटी बिरूनंच हात घालून चावी फिरवली. ताई तिथेच फरशीवर बसल्या. मला ते बघवेना. मी शेडबाहेर येऊन उभा राहिलो, तर आतून त्यांचा आवाज आला, कुणाला उद्देशून होता कोण जाणे. “अजून जास्त बिघडवलं असतं तर ऐकू आलं असतं का हो?”

मिरजेचे डॉक्टर तपासायला घरी आले तेव्हा मी तिथे होतो. चांगला माणूस. आवाज खाली आणून म्हणाले, “बाई, आता त्यांना काही कळत नाही. तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका.”

“कळत नाही म्हणजे काय?” ताईंनी विचारलं. “मी रोज भरवते ते कुणाला? दाढी कुणाची करते? मला एवढंच सांगा डॉक्टर, हे आत आहेत की नाहीत?”

डॉक्टरांनी चष्मा पुसला. मी गॅलरीतल्या कुंड्यांकडे बघत बसलो. फाशीची शिक्षा ऐकणाऱ्याजवळ उभं राहावं तसं वाटत होतं, आणि कुणाला शिव्या द्याव्यात तेही कळत नव्हतं.

ताईंचं जेवण तुटलं. पोळी पानात तशीच राहायची. आमची ही डबा नेऊन द्यायची, तो संध्याकाळी जसाच्या तसा परत यायचा. ज्या बाईनं कधी चिमटा वाकडा पडू दिला नाही तिची हत्यारं शेडमध्ये विखुरलेली दिसायला लागली. एकदा त्या भिंतीपलीकडून मला म्हणाल्या, “भावोजी, येत्या रविवारी जर नाही ठोकलं ना, तर मग मी काही पुढचं बघणार नाही.” मी त्याचा अर्थ विचारला नाही. घरी येऊन हिला सांगितलं तर हिच्या हातातली कढई सुटली.

त्या रविवारी मी आपण होऊन सगळ्यात आधी गेलो. इंजिन टकटकलं, ताईंनी बंद केलं, आणि आम्ही सगळे खुर्चीच्या हाताकडे बघत राहिलो. शालीखाली हालचाल झाली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. ताईंनी झाकण काढलं. सहावा.

त्यांनी डोळे पुसले नाहीत, हात पुसले. “भावोजी, आज जेवायला या दोघं,” म्हणाल्या. वांग्याची भाजी आणि भाकरी केली आणि स्वतः आमच्याबरोबर बसून जेवल्या. अप्पांना भरवताना त्यांना रागावत होत्या, “एवढे दिवस का छळलंत मला?”

मी आनंदात होतो. पुढचे दोन रविवारही अप्पांचा नंबर बरोबर आला. तिसऱ्या रविवारी मी गाडीपलीकडे, शेडच्या मागच्या दारात उभा होतो. तिथून मला खुर्चीची मागची बाजू दिसत होती. बिरू शाल सारखी करायला वाकला होता. त्याचा उजवा हात शालीखाली होता, आणि त्या हातात अप्पांचा हात होता.

मी त्याला नंतर फाटकाशी गाठलं. तो मान खाली घालून पायानं माती उकरत राहिला.

“सायेब, तुमी बगितलं न्हवं?”

“बघितलं.”

“मग सांगा जावा काकूस्नी. माझं काय. पर आवं, अप्पा ठोकंनात तवा ही बाई दोन दोन दिस जेवत न्हवती. लय भ्या वाटलं मला. हिला कायतरी हुईल, मग ह्या म्हाताऱ्याला कोन बगनार? म्हनलं, हात तर त्येंचाच हाय, मी निस्ता उचलतोय.”

“आणि नंबर कसा कळतो तुला?”

“कळायला काय. गाडी मीच ढकलतोय की. काकू पाना कुटं लावत्यात ते पुढनं मोजायचं.” जरा थांबून तो म्हणाला, “आमच्यात म्हातारं मेंढरू मागं ऱ्हायलं तर खांद्यावर घेत्यात. येत न्हाई म्हनून वाटंवर टाकून देत न्हाईत.”

ताईंना सांगणं मला शक्य नव्हतं आणि न सांगताही चैन पडत नव्हतं. त्यानंतर दर रविवारी बॅटरी धरून मी उभा राहायचो आणि शालीकडे बघायचं टाळायचो. ताई आकडा ऐकून “बरोबर” म्हणायच्या, मग सगळं आवळून पुन्हा नीट करायच्या. तब्येत सुधारली त्यांची. हळूहळू बोलण्यातली चेष्टाही परत आली. एका माणसाच्या खोटेपणावर दुसरा माणूस उभा आहे हे मला पटत नव्हतं, पण ती उभी आहे ना, असं म्हणून मी गप्प बसत होतो.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी अप्पांना पुन्हा मिरजेला न्यावं लागलं आणि या खेपेला ते परत आले नाहीत. दिवसकार्य झाल्यावर लेक येऊन ताईंना आपल्याबरोबर घेऊन गेली. मी तेव्हा नात्यातल्या एका मुंजीसाठी बाहेरगावी होतो, त्यामुळे निरोपही झाला नाही. म्हणून विजूताई म्हटलं की मला आठवतो तो अप्पा घरात होते तेव्हाचा शेवटचा रविवार.

बिरू गावाकडे बिरोबाच्या जत्रेला गेला होता. चुकवून चालत नाही, घरचा देव. ताईंनी भिंतीपलीकडून हाक मारली, “भावोजी, आज बिरू नाही. जरा येता का?”

मी गेलो तोवर त्यांनी हँडलनं इंजिन फिरवून आपलं काम उरकलं होतं. झाकण बसवलेलं होतं. कुठला व्हॉल्व्ह ढिला केला ते मी बघितलं नव्हतं. अप्पा नेहमीच्या जागी होते, ताजी दाढी केलेले, शाल गुडघ्यापर्यंत. ताईंनी गाडी सुरू केली. टकटक मलाही ऐकू येत होती. पण कुठून, ते मला कळणं शक्य नव्हतं. आठातलं कुठलंही एक असू शकत होतं. ताईंनी चावी फिरवली.

शेडमध्ये शांत झालं. ताई पाना हातात धरून उभ्या होत्या. अप्पांचे डोळे अर्धवट उघडे होते, त्यांत काही नव्हतं. आम्ही वाट बघितली. पुष्कळ वाट बघितली.

“भावोजी,” ताई इंजिनाकडे बघत म्हणाल्या, “बिरू खुर्चीमागे उभा राहतो.”

मी न कळल्यासारखं केलं.

“शालीखाली ह्यांचा हात धरतो. आज तुम्ही धरा.”

“ताई, तुम्हाला माहीत होतं?”

“मी शाळेत गणिताची बाई होते, भावोजी. कोण कुणाला उत्तर सांगतंय ते मला मागच्या बाकापर्यंत दिसायचं.” त्यांचा आवाज साधा होता, भाजीला काय आणायचं ते सांगावं तसा. “मला एकटीला जमत नाही हो ते. ऐकायचं पण मीच आणि ठोकायचं पण मीच, असं नाही होत माझ्याच्यानं. धरा.”

मी खुर्चीमागे गेलो. शालीखाली हात घातला. अप्पांचा हात कोमट होता आणि अगदी हलका. नखं व्यवस्थित कापलेली होती. मी तो नुसताच धरून ठेवला. मनातल्या मनात त्या माणसाला म्हणालो, अप्पा, एकदाच, तुमचं तुम्ही हलवा. एवढ्या आशेनं मी कधी देवासमोरही उभा राहिलो नव्हतो. हात हलला नाही. ताई माझ्याकडे बघत नव्हत्या, त्या अप्पांकडे बघत होत्या. नंबर विचारायचं धाडस मला झालं नाही. मी त्यांचं बोट उचललं आणि खुर्चीच्या हातावर ठोकलं. एक, दोन, तीन, चार, पाच. तिथे थांबलो.

विजूताईंनी मान डोलावली.

“पाच,” त्या अप्पांना म्हणाल्या. “बरोबर. पाचवाच आहे. कान अजून तस्सेच आहेत हो तुमचे.”

मग त्यांनी झाकण काढून बाजूला ठेवलं, फिलर गेज उघडला आणि खाली वाकून पुढून दुसऱ्या व्हॉल्व्हच्या फटीत पट्टी सरकवली.